इंजेक्टर क्लीनर, इंजिन फ्लश की गॅरेजमधील सफाई?

नाशिकमध्ये गाडी सर्व्हिसिंगला दिली की ‘इंजेक्टर क्लीनर टाकायचे का, फ्लशिंग करून घ्यायचे का’ असे अनेकदा विचारले जाते. यातील पहिले रसायन इंधनाच्या टाकीत जाते आणि इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर साफ करते; दुसरे इंजिन आतून धुण्यासाठी ऑइल बदलण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये टाकतात. त्यामुळे दोन्हींचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा.

टाकीत टाकायच्या क्लीनरमध्ये घटक महत्त्वाचा आहे. पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, असलेले क्लीनर इंजेक्टरबरोबरच ज्वलनकक्षातील काजळीही कमी करू शकते. गाडी रोज कॉलेज रोड ते सातपूर एवढीच धावत असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि काजळी धरते; अशा पेट्रोल गाडीत सांगितलेल्या प्रमाणात क्लीनर टाकून महामार्गाने इगतपुरीपर्यंत एक फेरी मारणे हा कमी खर्चाचा आणि माझ्या मते रास्त उपाय आहे. ऑइल बदलण्याची वेळ जवळ आलेली असतानाच तो करावा, कारण क्लीनरचा थोडा अंश ऑइलमध्ये उतरतो. मात्र डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, ते इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेच्या, मागच्या बाजूला लागतच नाही. त्यामुळे तिथे साचलेला कार्बन टाकीतल्या कोणत्याही रसायनाने निघत नाही, त्यासाठी सहसा हवा आत नेणारा मॅनिफोल्ड उतरवावा लागतो.

इंजिन फ्लशबाबत माझे मत अधिक कठोर आहे. ऑइल वेळेवर बदलले जात असेल, तर त्यातील डिटर्जंट हेच काम सतत करत असतात आणि फ्लशची गरज उरत नाही. याउलट वर्षानुवर्षे दुर्लक्षित इंजिनात एकदम सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकून ऑइलचा दाब कमी होऊ शकतो आणि बेअरिंग किंवा टर्बोचे नुकसान होऊ शकते. म्हणून आधी ऑइल भरण्याचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. धातूवर सोनेरी-तपकिरी छटा असेल तर काळजी नाही. डांबरासारखा काळा थर असेल, तर फ्लशऐवजी ऑइल आणि फिल्टर बदलावेत व दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदलावेत. पावसाळ्यात झाकणाला पांढरट साय दिसली, तर ती बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांमुळे धरलेली वाफ असते. पण सोबत कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधील सील) तपासून घ्यावे.

गाडी मिसिंग करत (अडखळत चालत) असेल किंवा पिकअप गेला असेल, तर रसायनावर विसंबू नये. आधी स्कॅनर लावावा, प्लग, कॉइल आणि एअर फिल्टर पाहावेत, आणि संशय इंजेक्टरवरच आला तर ते काढून अल्ट्रासोनिक सफाईसाठी द्यावेत. टेस्ट बेंचवर प्रत्येक इंजेक्टरखाली काचेची नळी असते. चारही नळ्यांतील पातळी सारखी आहे का आणि फवारा बारीक येतो की थेंब गळतात, हे समोर उभे राहून पाहता येते. खर्च जास्त आहे, नवे ओ-रिंगही घालावे लागतात. पण दोष नेमका कोणत्या इंजेक्टरमध्ये आहे हे इथेच कळते.

डिझेल गाडीसाठी डिझेलचेच क्लीनर घ्यावे आणि त्याने ईजीआर व्हॉल्व्हची (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) काजळी निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांच्या डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला, तर क्लीनर शोधण्यापूर्वी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी महामार्गावर सलग चालवून रीजनरेशन (फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळण्याची प्रक्रिया) पूर्ण होऊ द्यावे, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर कोणतेही रसायन कंपनीला मान्य आहे का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे.