पणजीची सेंट्रल लायब्ररी: प्रेमकविता वाचायच्या तर इथे या

कदंबा बस स्टँडवरून चालत जाता येतं, पाटो भागातल्या संस्कृती भवनात ही कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. संस्था १८३२ पासूनची पण बिल्डिंग नवी, एकदम शांत. अभ्यासाला येणारी मुलंच जास्त दिसतात, कवितेच्या कपाटाशी गर्दी नसते आणि खरा खजिना तिथेच आहे.

बाकीबाब, म्हणजे कवी बा. भ. बोरकर, यांची "तव नयनांचे दल हलले ग" ही ओळ सगळ्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकून झालीय, पण अख्खी कविता किती जणांनी वाचलीय? पुस्तक हातात घेऊन वाचा. तिची पापणी नुसती हलते आणि पानावरच्या दवबिंदूसारखं त्रिभुवन डळमळतं, तारे गळतात, डोंगर ढासळतात, ऋषिमुनींचं पण काही खरं राहत नाही, आणि मग शेवटी तिची नजर जमिनीकडे वळते आणि जग परत सावरतं. म्हणजे एवढी सगळी उलथापालथ फक्त एका नजरेपुरती! दवाचा थेंब तो, ऊन चढलं की जाणारच, आणि म्हणूनच तो क्षण इतका देखणा. स्टेटसच्या एका ओळीत हे कुठून कळणार.

मग हाल राजाची गाथासप्तशती मागा, स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली, १९५६ ची. जाडजूड आहे, घाबरू नका, मधलं कुठलंही पान उघडा. महाराष्ट्री प्राकृतातल्या, म्हणजे मराठीच्या आधीच्या जुन्या भाषेतल्या, दोन-दोन ओळींच्या गाथा. एकीत रुसून बसलेल्या पोरीला कोणी मोठी बाई समजावते, की बाळे, तारुण्य म्हणजे नदीचा पूर, गेलेले दिवस गेले, रात्री पण परत येत नाहीत, मग हा मेला रुसवा कशाला धरून बसलीस? पावसात खांडेपार नदीचं पाणी चढताना आणि मग उतरताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. प्रेम टिकत नाही म्हणून इथे रडारड नाही, टिकत नाही म्हणून आत्ताच बोल त्याच्याशी, असं सरळ सांगणं आहे. बाकीबाबांकडे तो क्षण उत्सवासारखा येतो, गाथेत घरातल्या बोलण्यासारखा, आणि खरं सांगायचं तर मला गाथा जास्त जवळची वाटते.

स्टाफला विचारलं की पुस्तक शोधायला मदत करतात, मेंबर झालात तर घरी पण नेता येतात. माझ्याकडून पाचपैकी पाच. आणि गेलातच तर बाकीबाबांचं कोकणी पुस्तक "सासाय" पण मागा, १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय त्याला.