खानापूर की निपाणी: संसार आणि तबकड्यांचा संग्रह

बेळगाव जिल्ह्यात बिऱ्हाड हलवताना कुटुंबाच्या दृष्टीने खानापूर आणि निपाणी यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे मराठी बोलली जाते आणि सरकारी कामासाठी कन्नड शिकावेच लागते. खरा प्रश्न ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांचा आहे. सह्याद्रीला लागून असलेल्या खानापुरात पावसाळाभर हवा इतकी दमट असते की कागदी वेष्टनांवर बुरशी धरते आणि लाखेच्या तबकड्याही तिच्यातून सुटत नाहीत. तंबाखूच्या निपाणीत पाऊस कमी. मात्र उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तबकड्या वाकण्याची भीती असते. खानापुरास रेल्वे आहे, निपाणीस महामार्ग. लाख ठिसूळ असल्याने पेट्या आपल्याच गाडीतून, तबकड्या उभ्या ठेवून न्याव्यात. माझा कौल निपाणीला, जरी घरच्यांचे मन खानापूरच्या झाडीत गुंतले आहे.