पन्नास ग्रॅम पनीर देणारी डेअरी

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डेअरीत मी गेली दोन वर्षं रोज सकाळी जातो. नेतो किती? दीडशे मिली गाईचं दूध आणि आठवड्यातून दोनदा पन्नास ग्रॅम पनीर. एवढ्याशा गिऱ्हाइकीला तिथं कुणी कधी आठ्या घातल्या नाहीत, म्हणून हे मनापासून लिहितोय.

मला किडनीचा आजार आहे. चौथी स्टेज, डायलिसिस अजून नाही. लहानपण गंगावेशीत गेलं. दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात घ्यायची आणि ओठांवर फेसाची मिशी येईपर्यंत प्यायची, ही आमची संध्याकाळ. आहारतज्ज्ञ बाईंनी "चहातलं धरून दिवसाला दीडशे मिली" सांगितलं, तेव्हा घशाशी आवंढा आला होता.

किडनी थकली की फॉस्फरस रक्तात साठतो. त्यानं हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. शंभर मिली गाईच्या दुधात नव्वद-पंच्याण्णव मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो, म्हशीच्या दुधात आणखी जास्त. मी काही दिवस साय काढलेलं दूध आणत होतो. पण सायीबरोबर स्निग्धांश जातो, फॉस्फरस दुधातच राहतो.

खरी चूक चीजची. हाडांना चांगलं म्हणून एका मोठ्या दुकानातून आणलेले क्यूब रोज दोन खायचो. रिपोर्टात फॉस्फरस ५.८ आला, हवा होता ४.५ च्या आत. बाईंनी पाकीट आणायला लावलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर पेन टेकवलं: ३३९, ४५२. हे फॉस्फेटचे क्षार. दुधातला फॉस्फरस साधारण निम्मा अंगात शोषला जातो, हा वरून घातलेला जवळजवळ सगळाच. तेव्हापासून पाकिटावर हे आकडे दिसले की ते मी परत ठेवतो. डब्यातल्या सोया आणि ओट दुधावरही ३४१ आहे का ते बघतो.

या डेअरीत तो प्रश्न येत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "सर, आमच्या पनीरात दूध आणि लिंबूसत्व. दुसरं काय पडत न्हाई बघा." पनीर मऊ, दुधाच्या वासाचं, आणि काट्यावर पन्नास म्हणजे पन्नासच. पनीरच्या पाण्याबरोबर पोटॅशियम बरंचसं निघून जातं, पण प्रोटीन आणि फॉस्फरस भरपूर उरतो, म्हणून मला एवढंच पुरे. शेजारचे काका डायलिसिसवर आहेत. त्यांना उलट प्रोटीन वाढवायला सांगितलंय. ते माझ्या दुप्पट नेतात आणि फॉस्फरस अंगात शोषू न देणारी गोळी जेवणाबरोबरच घेतात. त्यामुळे माझं माप कुणी उचलू नका, स्वतःचा रिपोर्ट घेऊन विचारा.

ताक तर फारच सुरेख. मीठ-जिरं घालायच्या आधी माझी छोटी बाटली बाजूला भरून ठेवतात. अर्थात तेही दिवसाच्या मापात धरावं लागतं. लोणी बिनमिठाचं मिळतं. लोण्या-तुपात फॉस्फरस नावालाच असतो, म्हणून भाकरीवर बोटभर लोणी एवढी चैन मला परवडते. पेढ्यांच्या परातीकडे मात्र बघत नाही. लिटरभर दूध आटून दोनशे ग्रॅमच्या आसपास खवा होतो, म्हणजे त्या दुधातला फॉस्फरस मूठभर खव्यात गोळा झालेला.

दोन तक्रारी आहेत. गाईचं दूध साडेसातलाच संपतं, मग म्हशीचंच उरतं. आणि सगळ्यांत लहान माप पाव लिटरचं. मी घरून औषधाच्या बाटलीवरचं झाकण मोजायला नेत असे, पंधरा मिलीचं, दहा वेळा. मागे रांग ताटकळायची. गेल्या महिन्यात खुंटीवर पन्नास मिलीचं नवं स्टीलचं माप दिसलं. मालकांनी काही न बोलता ते तीन वेळा माझ्या तांब्यात ओतलं.