वीस टॅब, चोपन्न मुलं आणि एक पेटलेली बॅटरी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या विद्यालयात वीस टॅब आले. आठ इंची, २ जीबी रॅमचे, निळ्या रबरी कव्हरातले. एका संस्थेने दिले आणि सोबत एका शिकवणी ॲपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शनही दिलं. संस्थेचं आणि ॲपचं नाव लिहीत नाही. माणसं भली होती, आणि 'धर्माची गाय आणि दात का नाय' असं कुणी मला ऐकवायला नको. पण गेल्या महिन्याभरात शेजारच्या तीन शाळांतल्या सहकाऱ्यांनी फोन करून एकच विचारलं, "मुलं वापरतात का हो?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी आमचा गाव. बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका. दहावीच्या वर्गात चोपन्न मुलं, मी त्यांना विज्ञान शिकवते. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांतून आई-बाप ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मुलं आजीपाशी राहतात. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे याचा टॅबशी फार जवळचा संबंध येतो.

जुलै मजेत गेला. टॅब कुणाच्या हातात राहायचा यावरून तीन-तीन मुलांच्या गटात भांडणं. ॲप खरंच चांगलं होतं, मराठीत होतं, चित्रं स्वच्छ, प्रत्येक धड्यानंतर दहा प्रश्नांची चाचणी. संस्थेच्या माणसाने मला माझ्या फोनवर एक तक्ता उघडून दिला होता. कोणी किती वेळ ॲप वापरलं, किती गुण मिळाले, सगळं त्यात दिसायचं. गणपतीपर्यंत त्या तक्त्यात हिरव्या रेघा होत्या. नवरात्रात मोजल्या तर आपणहून चाचणी सोडवणारी अकरा मुलं उरली होती.

मी नेहमीची कारणं लावली. रेंज नाही, रॅम कमी, मुलांचं लक्ष नाही. बी.एड.ला वाचलेलं आठवून पाहिलं. फ्रेड डेव्हिसने १९८९ मध्ये मांडलं होतं की माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो ते दोन गोष्टी पाहून, मला याचा उपयोग किती आणि मला हे सोपं किती. पेपरात मी यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. पण इथे ॲप सोपं होतं, परीक्षेच्या उपयोगाचंही होतं, तरी मुलं फिरकत नव्हती. २००३ मध्ये व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आजूबाजूच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी जोडल्या. तिथे मी थोडी थांबले. आजूबाजूची माणसं म्हणजे मित्र आणि शिक्षक, असं मी धरून चालले होते.

उत्तर एका मुलाने दिलं, तेही मी रागावल्यावर. चाचणी का सोडवत नाहीस म्हणून विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, वहीत चुकलं तर खोडता येतंय. ह्यात चुकलं की पप्पाला मेसेज जातोय."

मला हे माहीतच नव्हतं. प्रत्येक चाचणी झाली की पालकांच्या नंबरवर संदेश जायचा: आपल्या पाल्यास १० पैकी ३ गुण. शिवाय ॲपच्या पहिल्याच पानावर वर्गाची क्रमवारी, नावासकट. ज्याने हे बनवलं त्याला वाटलं असणार, पालक सहभागी होतील, मुलांत स्पर्धा लागेल. घरी काय होत होतं ते मी दोन-चार ठिकाणी विचारलं. एका घरी टॅबच बंद झाला होता ("तीन मार्क पाडायला टॅब पाहिजे व्हय?"). दुसरीकडे मुलाने नामी उपाय काढला होता: पुस्तक उघडं ठेवून, उत्तरं शोधून, सगळे दहा बरोबर. तक्त्यातल्या माझ्या हिरव्या रेघा त्याच्याच. उरलेल्यांनी ॲप उघडणंच सोडलं.

आता बॅटरीचं सांगते, कारण माझं मत खरं बदललं ते तिथे.

चौथा धडा, विद्युतधारेचे परिणाम. आमच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतला अमीटर एकच आहे. म्हणून मी घरच्या नेटवर फेटची परिपथ जोडणीची फाइल उतरवून टॅबांत टाकली. फेट म्हणजे पडद्यावर करायच्या आभासी प्रयोगांचा (सिम्युलेशन्सचा) कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. फुकट आहे, बरीचशी सिम्युलेशन्स मराठीत भाषांतरित आहेत, आणि एकदा फाइल उतरवली की नेट लागत नाही. पडद्यावर बोटाने वायर ओढायची, सेल ठेवायचा, बल्ब लावायचा. मी फळ्यावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या.

पायऱ्या कुणी वाचल्या नाहीत. तिसऱ्या मिनिटाला मागून आरोळी आली, "पेटली, मॅडम, पेटली!" एकाने सेलची दोन्ही टोकं सरळ वायरने जोडली होती आणि पडद्यावरच्या सेलमधून ज्वाळा निघत होत्या. पुढच्या पाच मिनिटांत अठराच्या अठरा गटांनी आपापली बॅटरी पेटवली. मी टॅब गोळा करणार होते. तेवढ्यात एक पोरगा, ज्याचा बाप विहिरीवरच्या मोटारीपायी दर उन्हाळ्यात हजारो रुपये रिवायंडिंगला घालतो, मोठ्याने म्हणाला, "खरी मोटार अशी जळली असती तर बापानं जित्ता सोडला नसता." सगळा वर्ग हसला. आणि मग तोच मान वाकडी करून बघत राहिला. मधे बल्ब घातला की का पेटत नाही? दोन बल्ब घातले तर? पातळ वायर घेतली तर? विरोध वाढवत नेला की ज्वाळा नेमकी कुठे विझते, ते त्याने तीन वेळा करून पाहिलं आणि आकडा वहीत टिपला. मी सांगितलं नव्हतं.

त्या तासाला एकालाही कुणाचा मेसेज गेला नाही. बॅटरी पेटली की वायर काढायची, पुन्हा सुरू. मला तेव्हा कळलं की माझी मुलं उपयोग आणि सोपेपणा पाहतातच, पण त्याच्याही आधी एक गोष्ट चाचपतात: इथे चुकलो तर कुणाला कळणार?

एकदा ही चावी हाती लागल्यावर बाकीची कुलपंही ओळखू यायला लागली.

टॅब घरी न्यायचे तर मुख्याध्यापकांनी एक हमीपत्र केलं होतं: नुकसान झाल्यास पालक भरपाई देतील, सही किंवा अंगठा. ते पाहून एकानेही टॅब नेला नाही. आम्ही भांडून ते रद्द करवलं आणि साधी नोंदवही ठेवली, शनिवारी न्या, सोमवारी आणा. पहिल्याच महिन्यात एका मुलीच्या हातून टॅब ओट्यावर पडला, काच तडकली. पोरगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन टॅब घेऊन आले, काचेवर पारदर्शक चिकटपट्टी मारली आणि तो माझा टॅब करून टाकला. रोज वर्गात तोच हातात धरून शिकवते. त्यानंतर नोंदवहीत नावं वाढली, विशेषतः मुलींची.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. असर या दरवर्षीच्या शिक्षण-पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयोगटाचे आकडे आहेत. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. आमच्याकडे स्वतःचा फोन असलेली मुलगी मला अजून भेटायची आहे. माझ्या वर्गातली एक, अभ्यासात बरी, भावाच्या फोनवर दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप उघडते. पाठ्यपुस्तक तिला मागच्या वर्षीच्या ताईकडून मिळालेलं (मोफत पुस्तकं आठवीपर्यंतच), त्यातल्या क्यूआर कोडवर कुणीतरी पेनाने मिशा काढलेल्या, स्कॅन होत नाही. म्हणून ती खाली छापलेली सहा अक्षरं तळहातावर लिहून घरी नेते, भाऊ जेवायला बसला की पटकन टाइप करते आणि व्हिडिओ उतरवून ठेवते. मी म्हटलं, हेडफोन लावून ऐकत जा, गडबड होणार नाही. तर म्हणाली, "हेडफोन लावला की आजीला वाटतं कुणाशी बोलायलीय." मग ती उंबऱ्यात बसून, आवाज मोठा करून, सगळ्या घराला प्रकाशाचं अपवर्तन ऐकवते. एकाच वाक्यापाशी चार वेळा मागे गेली की भाऊ म्हणतो, इतकं पण कळत नाही का.

आणि दिवाळीनंतर तर फोनच जातो. घरातला एकुलता एक स्मार्टफोन आई-बापाबरोबर टोळीत जातो, आजीकडे बटणांचा फोन राहतो. माझ्या वर्गात असं सतरा घरांत झालं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप नोव्हेंबरात चालू असतो खरा, पण मी टाकलेला गृहपाठ कर्नाटकातल्या फडावर पोचतो. घरात फोन आहे का, असा रकाना दरवर्षी भरून घेतात. जानेवारीत तो फोन कुठे असतो, हे कुणी विचारत नाही.

अपवर्तनावरून आठवलं. आमच्या पिढीला वक्रीभवन शिकवलं होतं, आताच्या पुस्तकात त्यालाच अपवर्तन म्हटलंय. मुलं यूट्यूबवर शोधतात तेव्हा दोन्ही सापडतं आणि एका मुलाने ते दोन वेगळे धडे समजून वक्रीभवन 'सिलॅबसला नाही' म्हणून सोडून दिलं होतं. पडद्यावरचा शब्द पुस्तकातल्या शब्दाशी जुळला नाही की मुलं विचारत बसत नाहीत, बंद करतात. विचारलं तर आपल्याला येत नाही हे दिसतं ना.

या मुलांच्या डोक्यात आणखी एक जुनी गाठ आहे. टाळेबंदीत ती पाचवीच्या आसपास होती. २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, ते आठवून आजही काहींचे डोळे चमकतात. पण मोबाईलवरचा तास म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते, "आवाज येतोय का?" आणि नाव पुकारल्यावर घरातला सगळा गलका वर्गाला ऐकू जाणं. मला स्वतःलाही तेच आठवतं. जुलैत मी प्रत्येक तास आदल्या रात्री घरी दोनदा करून पाहायचे, मुलांसमोर चुकीचं बटण दाबायची भीती. आता अडलं की टॅब सरळ पहिल्या बाकावर देते आणि म्हणते, बघ रे काय झालंय.

बाकीचं थोडक्यात. वीस चार्जर आणि कार्यालयात एकच बोर्ड, त्यात दुपारची लाइट नाही, त्यामुळे बारा टॅब चार्ज झाले तर तो चांगला दिवस. दोन जीबी रॅमवर फेट चालतं, व्हिडिओ चालतात, ते शिकवणी ॲप मात्र दमायचं. भिंगांच्या धड्याला मी आधी वहीत पेन्सिलने किरणाकृती काढायला लावायचे आणि मग सिम्युलेशनमध्ये ताडून पाहायला. हा क्रम उलटा केला की मुलं नुसतं बघतात. पूर्वपरीक्षा झाल्यावर सगळंच आटलं, जानेवारीपासून टॅब म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांची पीडीएफ. ४० गुणांचा पेपर डोक्यावर असताना बॅटरी पेटवायला कुणाला वेळ आहे, आणि मीही आग्रह धरला नाही. पाच-सहा मुलांनी वर्षभर टॅबला हात लावला नाही. त्यातली एक वर्गात दुसरी आली. "मला वहीच बरी वाटती," म्हणाली. बरं म्हटलं.

बोर्डाचा निकाल अजून लागायचाय, त्यामुळे गुण वाढले का ते विचारू नका.

मागच्या आठवड्यात संस्थेकडून सबस्क्रिप्शन वाढवायचा फॉर्म आला. एकूण किती तास वापर झाला, हा पहिलाच रकाना. तो मी खरा आकडा घालून भरला, लाज वाटावी एवढा लहान आहे. पान उलटून मागे विचारलं की पालकांना जाणारा मेसेज आणि ती क्रमवारी बंद करता येईल का, आणि मुलांना नावाशिवाय चाचणी सोडवता येईल का. मंगळवारी त्यांचा फोन आला. त्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पण मग पालकांना कळणार कसं?"