क्रीमी टोमॅटो पास्त्यासाठी फ्रोझन कोळंबी: कुठलं पाकीट घ्यावं?

क्रीमी टोमॅटो सॉस पाणचट झाला की आधी क्रीमला दोष दिला जातो. कधी तो खराही असतो. पण कोळंबी फ्रोझन असेल तर पहिल्यांदा पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांमध्ये फक्त ‘कोळंबी’ किंवा ‘कोळंबी, मीठ’ एवढंच असेल तर उत्तम. त्यापुढे ई-४५१ किंवा सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट (कोळंबीत पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट) लिहिलेलं असेल, तर तुमच्या सॉसमधलं पाणी तिथून आलंय.

घरच्या रात्रीच्या जेवणाला साधारण तीन प्रकारची पाकिटं घेतली जातात: कच्ची सोललेली, शिजवून गोठवलेली आणि कच्ची सालीसकट. या एका पदार्थापुरता निकाल स्पष्ट आहे. सालीसकट पाच पैकी पाच, सोललेली बिनफॉस्फेटची असेल तर चार, फॉस्फेटवाली दोन, शिजवलेली एक.

सोललेली सोयीची, यात वाद नाही. पाठीतला काळा दोरा काढलेला असतो, अर्ध्या तासात बर्फ सुटतो. मात्र फॉस्फेट लावलेली कोळंबी पाणी धरून ठेवते आणि तापल्यावर त्यातलं बरंचसं सोडते. हे पॅनमध्ये डोळ्यांनी दिसतं. तेलात पडल्यावर पहिले काही सेकंद चुरचुर आवाज येतो, मग कडेने पांढरट फेसाळ पाणी सुटतं, आवाज बंद पडतो आणि बुडबुडे येऊ लागतात. तिथून पुढे कोळंबी परतली जात नाही, उकडली जाते. रंग येत नाही, चव येत नाही, आणि दाताखाली एक रबरी लवचिकपणा जाणवतो. काहींना मागाहून साबणासारखी चवही लागते. असं पाकीट घरात आलंच असेल तर एकदम सगळी न टाकता निम्मी-निम्मी करून परता आणि सुटलेलं पाणी सॉसमध्ये न घालता फेकून द्या.

ई-२२३, म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, ही वेगळी गोष्ट. साल काळी पडू नये म्हणून ते लावतात. पोताशी त्याचा संबंध नाही. सल्फाइट सोसत नसलेल्यांनी मात्र ते जरूर बघावं.

शिजवलेली कोळंबी गुलाबी आणि तयार दिसते म्हणून हात तिच्याकडे जातो. गरम पास्त्यासाठी ती घेऊ नका. ती आधीच पूर्ण शिजलेली असते. सॉसमध्ये पुन्हा तापली की आक्रसते आणि चिवट होते. शिवाय तिचा रस शिजवतानाच निघून गेलेला असतो, त्यामुळे सॉसला देण्यासारखं तिच्याकडे काही उरत नाही. थंड सॅलडमध्ये ती ठीक.

आता सालीसकट पाकीट. यात खरी कमाई सालीची आहे, आणि ती कचऱ्यात गेली तर या पाकिटाचा निम्मा फायदा गेला. दोघांसाठी ४०० ग्रॅम घ्या. साल काढल्यावर सुमारे पाचवा हिस्सा वजन कमी होतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, किंवा पिशवी घट्ट बंद करून थंड पाण्यात ३० मिनिटं बुडवा. गरम पाणी नको, मायक्रोवेव्हही नको. कडा शिजतात आणि मध्ये बर्फ तसाच राहतो. सोलून, दोरा काढून, कागदाने अगदी कोरडी करा. मग पाव चमचा मीठ आणि दोन चिमूट खायचा सोडा चोळून १५ मिनिटं फ्रिजमध्ये. सोड्याने कोळंबी भरदार राहते, पण जास्त झाला तर चव बिघडते, म्हणून दोनच चिमूट.

साली एक मोठा चमचा तेलात पाचेक मिनिटं परता. त्या नारिंगी-लाल होतात, तेलही रंगतं, वास बदलतो. २५० मिली पाणी घालून १० मिनिटं उकळा, गाळून दाबून घ्या. हाती लागतं १५० मिलीच्या आसपास. क्रीमने टोमॅटोची धार बोथट झाल्यावर सॉसला जे अंग लागतं ते या पाण्यातून येतं. सोललेल्या पाकिटातून ते कधीच मिळत नाही.

त्याच पॅनमध्ये मोठ्या आचेवर कोळंबी: पहिली बाजू १ मिनिट, दुसरी अर्धा मिनिट, आणि मध्यभाग अजून काचेसारखा असतानाच बाहेर. ती ‘सी’ आकारात वळली की बस. गोल ‘ओ’ झाली म्हणजे जास्त शिजली. आच मध्यम करून चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा चिली फ्लेक्स आणि दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट विटकरी होऊन तेल सुटेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं, परतायचीच. घाई केली तर सॉसला कच्चा डबाबंद वास राहतो. सालीचं पाणी घालून निम्मं आटवा, मग मंद आचेवर १०० मिली क्रीम.

क्रीम ३० ते ३५ टक्के फॅटचं घ्या. दुधातलं केसीन टोमॅटोच्या आम्लाने गोळा होतं. जाड क्रीममध्ये केसीन कमी आणि फॅट जास्त, म्हणून ते तग धरतं. दूध घातलं तर फाटण्याची तयारी ठेवा.

२०० ग्रॅम पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढा, अर्धा कप पाणी राखून ठेवा आणि उरलेलं शिजणं सॉसमध्ये होऊ द्या. पाणी थोडं थोडं घालत हलवा. शेवटच्या मिनिटाला कोळंबी आणि तिच्या ताटलीत साठलेला रस. चीज घालायचं असेल तर गॅस बंद करून, नाहीतर त्याचे गोळे होतात. मीठ सगळ्यात शेवटी चाखून. कोळंबीत आणि पास्त्याच्या पाण्यात ते आधीच आहे.

आकाराबद्दल: पाकिटावरचं २१/२५ म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २१ ते २५ नग. या पास्त्याला हाच आकार योग्य. एकेक नग १८ ते २२ ग्रॅमचा, त्यामुळे बाहेरून रंग येईपर्यंत आत कोरडा पडत नाही. ३१/४० चालेल, पण मग दोन्ही बाजू मिळून एक मिनिटच. त्याहून बारीक असेल तर न परतता थेट सॉसमध्ये सोडा. आकडा पौंडावर आहे की किलोवर, तेही वाचा.

वजन बघताना बर्फाच्या थराशिवायचं निव्वळ वजन बघा, आणि एकेक नग सुटा गोठवलेलं पाकीट निवडा. ठोकळ्यासारखं गोठलेलं असेल तर पाहिजे तेवढी काढता येत नाही. पाकीट हातात घेऊन हलवा. नग सुटे खुळखुळले पाहिजेत. मोठे गठ्ठे किंवा आत सैल बर्फाचा चुरा असेल, तर ते मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता आहे. ते परत ठेवा.