कोलकात्यातलं चायनीज : टिरेटा बाजार की टँग्रा?

कमी पैशांत खायचं तर टिरेटा बाजार. पोद्दार कोर्टाजवळ, सेंट्रल मेट्रो स्थानकापासून चालत जाता येतं. मात्र हा मामला पहाटेचा. सहाच्या सुमारास पोहोचा. आठनंतर बरीच भांडी रिकामी दिसतात. रविवारी विक्रेते जास्त असतात, म्हणून रविवारच धरा. पाव (वाफवलेले भरलेले बन), फिशबॉल सूप, मोमो, सॉसेज हे सगळं रस्त्यावर उभं राहून खायचं. सुटे पैसे जवळ ठेवा. सारणात डुकराचं मांस बऱ्याचदा असतं, तेव्हा चालत नसेल तर आधी विचारा. शाकाहाऱ्यांची इथे पंचाईत होते. आणि हो, आता मोमोवाले सगळेच चिनी नाहीत. भांड्याचं झाकण उघडल्यावर भपकन वाफ येत नसेल, तर पुढच्या टोपलीकडे चला.

टँग्रा म्हणजे दुपार-रात्रीचं जेवण. हक्का चिनी लोकांच्या चामड्याच्या कारखान्यांची ही वस्ती. 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कारखाने बानतळ्याला हलले आणि हॉटेलं उरली. चिली चिकन, हक्का नूडल्स, चिली गार्लिक प्रॉन्स इथे मागवा. बिल फुगतं ते दोन कारणांनी : प्लेटी मोठ्या असतात आणि कोळंबी महाग. तिघांना एक नूडल्स, एक ग्रेव्हीची, एक सुकी डिश पुरते. कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं. सायन्स सिटीच्या बाजूने टॅक्सी करा, आणि परतीची सोय आधीच पाहून ठेवा.

एकटे असाल तर टिरेटा, चौघे असाल तर टँग्रा.