हवेचं प्रदूषण मोजायचं आहे: विमान, उपग्रह की जमिनीवरचं केंद्र?

आधी एक ठरवा: प्रदूषण कुठून येतंय हे शोधायचं आहे, की लोकांच्या श्वासात किती जातंय हे? दोन्हींची उत्तरं एकाच यंत्रातून मिळत नाहीत.

श्वासाचा प्रश्न असेल तर जमिनीवरचं केंद्रच हवं. ते रात्री मोजतं, ढगाळ दिवशीही मोजतं. पण दोन केंद्रांच्या मधल्या वस्त्यांबद्दल ते मुकं असतं.

उपग्रह रोज सगळीकडे पाहतो. २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरचं ट्रोपोमी हे वायू मोजणारं उपकरण दुपारी दीडच्या सुमारास वरून जातं आणि त्याची माहिती फुकट मिळते. वर्षागणिक फरक पाहायला याहून चांगलं साधन नाही. मात्र त्याच्या चित्रातली एक चौकट साधारण ५.५ × ३.५ किलोमीटरची, शेजारचे दोन कारखाने आणि मधला महामार्ग त्यात एकजीव होतात.

ते वेगळे करायला विमान लागतं. विमानाच्या तळाशी बसवलेला स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं यंत्र, जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश टिपतो. नायट्रोजन डायऑक्साइड निळा प्रकाश शोषतो, सल्फर डायऑक्साइड अतिनील. कोणता प्रकाश किती घटला यावरून वायूचा हिशेब लागतो. शे-दोनशे मीटरच्या तपशिलात धुराचा पट्टा उगमापासून वाऱ्याच्या दिशेने पसरताना दिसतो. असा नकाशा पाहिल्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही, म्हणून मला हे साधन मोलाचं वाटतं.

तरी नकाशा वाचताना जपावं लागतं. चिमणीतून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड निघतो. ओझोनशी संयोग होऊन त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड पुढे जाताना बनतो. त्यामुळे सर्वांत गडद ठिपका चिमणीवर नसून थोडा पुढे असू शकतो. शिवाय आकडा विमानाखालच्या हवेच्या संपूर्ण स्तंभाचा असतो, नाकाच्या उंचीवरचा नव्हे. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, तर यातून थेट मिळतच नाही. आणि ढग आले की उड्डाण वाया.

उगमच शोधायचा असेल तर माझा कौल विमानाला, पण एकाच फेरीवर विसंबू नका. सकाळ-दुपार दोन्ही वेळा, कामाच्या आणि सुटीच्या दिवशीही उडवा. ताशी किती वायू सुटतो हे काढायला पट्ट्यातलं प्रमाण वाऱ्याच्या वेगाने गुणावं लागतं, आणि बरीचशी चूक या वेगातच दडलेली असते. त्यामुळे पैसे कमी पडले तर एखादी फेरी कमी करा, वारा मोजण्याचा खर्च कापू नका.